मेव्हण्याच्या नावावरचा अपघात

आमच्या खानदानात आजवर मोटारीचा एकच अपघात झाला आणि तो माझ्या मेव्हण्यानं केला, असं सगळे मानतात. सगळे म्हणजे माझी बायको, दोन मुलं, दोन सुना, व्याही, विहिणी आणि दिंद्रुडच्या बाजारपेठेतले झाडून सारे दुकानदार. फक्त विमा कंपनीला हे पटलं नाही. आणि या एका बाबतीत विमा कंपनीच बरोबर होती, हे लिहिताना माझ्या अंगाची अजूनही आग होते!

आता वयाची पंचाहत्तरी उलटली. वर गेल्यावर जो कोणी वही उघडून बसलेला असेल त्याच्यासमोर पहिल्यांदा हे कबूल करण्यापेक्षा इथंच करून टाकावं म्हणतो. गाडी मी ठोकली. मी! मेव्हणा शेजारी बसला होता.

आधी माझी ओळख. दिंद्रुडला माझं चाळीस वर्षं कापडाचं दुकान होतं. उंची पाच फूट एक इंच. (लग्नाच्या वेळी पाच फूट दोन सांगितली होती. तेही आजच मिटवून टाकू.) दुकान धाकट्या मुलाच्या हवाली केल्यावर थोरल्यानं आपली वापरलेली मोटार मला देऊन टाकली. लायसन होतंच, पण चालवायला मोटार कधी नव्हती. साठी ओलांडलेल्या माणसाच्या हातात मोटार देणं आणि माकडाच्या हातात वस्तरा देणं यात फारसा फरक नसतो. वस्तऱ्याचा विमा काढावा लागत नाही, एवढाच.

मेव्हणा म्हणजे वैजनाथ, माझ्या बायकोचा पाठचा भाऊ. उंची सहा फूट. महामंडळाच्या गाडीवर अठ्ठावीस वर्षं ड्रायव्हर. एवढ्या काळात त्याच्या गाडीखाली कोणाची कोंबडीसुद्धा आली नाही. त्याबद्दल त्याला विनाअपघात सेवेचा बिल्ला मिळाला होता आणि लग्नकार्यात लोक जसं अत्तर लावतात तसा तो सदऱ्यावर बिल्ला लावून यायचा. आमच्या नात्यागोत्यातली कुठलीही मुलगी सासरी निघाली की तिची गाडी वैजूच चालवणार, असा रिवाजच पडून गेला होता. मागं नवरी हुंदके देतेय, पुढं वैजू तिच्या हुंदक्यालाही धक्का लागणार नाही अशा बेतानं गाडी हाकतोय. मुलीचे बाप म्हणायचे, “वैजूमामा हाय म्हणल्यावर आपल्याला घोर न्हाई.” मुलीच्या बापाला जावयाबद्दलही इतका भरवसा नसतो!

ही त्याची अठ्ठावीस वर्षांची अब्रू मी एका चतुर्थीला, सकाळी दहाच्या सुमाराला, लिंबागणेशच्या रस्त्यावर ठोकली.

त्या दिवशी आम्ही तिघं दर्शनाला निघालो होतो. मी, वैजू आणि आमची मंडळी. मंडळींना मोटारीत बसलं की उमळून येतं, म्हणून त्या निघतानाच गोळी घेतात आणि गोळी घेतली की झोपतात. घरातून निघताना करार असा ठरला होता की बीडपर्यंत मी चालवायची, बीडपासून वैजूनं. मंडळींनी हा करार स्वतःच्या कानांनी ऐकला, बीडच्या अलीकडंच डोळे मिटले आणि करारावर विश्वास ठेवून गाढ झोपल्या. बिचारी! चाळीस-पंचेचाळीस वर्षं संसार करूनही माझ्या शब्दावर तिचा विश्वास शिल्लक होता.

बीड आलं. वैजू म्हणाला, “दाजी, घ्या बाजूला. आता मी घेतो.”

“कावून? मला येत न्हाई का?”

“येतंय की. पर ठरलंतं ना आपलं.”

“बीड म्हणजे बीडच्या पुढचा नाका. बस गुमान.”

नाका गेला, पुढचा फाटा गेला. मी काही गाडी सोडली नाही. खरं कारण सांगतो. शेजारी बिल्ला मिळालेला ड्रायव्हर बसलेला असताना त्याला आपली गाडी दाखवण्यात एक मजा असते. दुकानात बसून चाळीस वर्षं मी लोकांना फक्त पॅन्टपीस दाखवले होते! वैजू तोंडानं काही बोलत नव्हता, पण त्याचा उजवा पाय सारखा पुढच्या पत्र्यावर दाबला जात होता. तिथं ब्रेक नव्हता, तरी तो दाबत होता. मला त्याचा राग आला.

“वैजू, पाय सरळ ठेव. पत्रा चेपशील.”

“ठेवला, दाजी. जरा हळू घ्या, फुडं शेतातून ट्रॅक्टर निघायलाय.”

ट्रॅक्टर दिसत होता मला. उसानं भरलेला. डाव्या हाताच्या गाडरस्त्यानं रस्त्यावर येऊन समोरून आडवा पलीकडं वळत होता. मी थांबलो. (हे नोंदवून घ्या. मी थांबलो होतो!) ट्रॅक्टर गेला. त्याच्यामागं उसानं लादलेली ट्रॉली गेली. झालं, गेला एकदाचा, असं म्हणून मी क्लच सोडला.

“दाजी, थांबा! मागं अजून—”

“दिसतंय मला! शिकवू नको!”

आमच्या जिल्ह्यात हंगामाच्या दिवसांत रांगणारं पोरही सांगेल की उसाच्या ट्रॅक्टरला एक नसते, दोन ट्रॉल्या असतात. मी पंचाहत्तर वर्षांपैकी सत्तर तरी वर्षं ते बघत आलोय. पण त्या क्षणी मला वाटलं की ट्रॅक्टरवाल्यानं माझ्यासाठी एकच आणली असेल.

दुसरी ट्रॉली आली आणि माझ्या गाडीचं तोंड कपाळापर्यंत आत गेलं. माझ्या बाजूचं दार आवळून बसलं. वैजूनं मला बखोटीला धरून आपल्या दारानं बाहेर ओढून काढलं, अंग चाचपलं, “लागलं का दाजी? कुठं लागलं?” म्हणाला. लागलं कुठंच नव्हतं. मागच्या सीटवर मंडळी जाग्या झाल्या. आम्ही दोघं रस्त्यावर उभे. पुढं बॉनेटातून वाफ निघतेय. बॉनेटावर तीन उसाच्या मोळ्या पडलेल्या.

मंडळींनी काच खाली केली आणि पहिलं वाक्य उच्चारलं, “वैजू! ठोकलीस ना गाडी!”

वैजूनं माझ्याकडं पाहिलं. मी वाफेकडं पाहिलं. माणसाला वाफेत बघण्यासारखं काही नसतं, पण मी बराच वेळ पाहत राहिलो.

तेवढ्यात ट्रॅक्टरवाला उतरून आला. आश्रुबा त्याचं नाव, शिरूर कासारकडचा. मागं काय झालं हे त्याला दिसलं नव्हतं, फक्त हिसका बसला होता. त्याच्यावर मी असा तुटून पडलो की आजूबाजूच्या शेतांतली ऊसतोड थांबली! आपली चूक असली की आवाज आपोआप चढतो, हा निसर्गाचा नियम आहे.

“डोळे फुटले का? रस्ता काय बापाचा हाय? विमा हाय का विमा, ट्रॅक्टरचा?”

“हाय की!” आश्रुबा शांतपणे म्हणाला.

“दाखव!”

त्यानं खिशातून फोन काढला, अंगठ्यानं बराच चाळला आणि माझ्या नाकासमोर धरला. मी चष्मा लावून वाचलं. सोयाबीन!

“अरे, हा पिकाचा विमा हाय!”

“मंग? विमा विमाच असतोय की. तुरीचा बी हाय. दाखवू का?”

“ट्रॅक्टरचा विमा म्हणतोय मी, ट्रॅक्टरचा!”

“आवो, ट्रॅक्टर काय पावसाबिगर वाळतोय, का त्याला अळी पडती?”

जमलेली माणसं हसली. एक जण तर म्हणाला, “बरुबर हाय की बे!” माझ्या मस्तकाची शीर उडायला लागली. बिनविम्याचा माणूस, बिनकागदाचं वाहन, आणि वर मलाच युक्तिवाद! मी तिथं दहा मिनिटं व्याख्यान दिलं. कायदा काय म्हणतो, नागरिकाचं कर्तव्य काय, कागदपत्रं पूर्ण नसताना गाडी रस्त्यावर आणणारा माणूस समाजाचा कसा शत्रू आहे. (माझं स्वतःचं लायसन मुदत संपून दीड वर्ष झालं होतं. पण ते मला तेव्हा माहीत नव्हतं, त्यामुळे व्याख्यान अगदी मनापासून झालं.)

व्याख्यान संपल्यावर आश्रुबानं डोकं खाजवलं. “तुमी दिंद्रुडचे कापडवाले आप्पा न्हाई का?”

“हो. मग?”

“आवो, माझ्या पोरीच्या लग्नाचा बस्ता तुमच्याच दुकानात बांधलाता! पोरीच्या सासरच्यांनी नावं ठेवली न्हाईत बघा कापडाला! आप्पा, आदी सांगायचं न्हाई का!”

आता गाडी ठोकण्याआधी मी ओळख कशी सांगणार होतो, कोण जाणे. पण त्या एका वाक्यानं सगळं फिरलं. गिऱ्हाईक निघालं! चाळीस वर्षांची सवय, गिऱ्हाइकासमोर माझा आवाज चढतच नाही. आश्रुबानं हाताला धरून मला फाट्यावरच्या चहाच्या हॉटेलात नेलं. चहा झाला. आमच्या भागात भांडण मिटलं की नुसता चहा पुरत नाही, मान द्यावा लागतो. त्यानं कुठूनसे टॉवेल, टोपी आणि नारळ पैदा केले. मोडलेल्या गाडीसमोर माझ्या गळ्यात टॉवेल पडला, डोक्यावर टोपी चढली, हातात नारळ आला. (टॉवेलाची किनार बघूनच ओळखला. माझ्याच दुकानातला माल. पहिल्या धुण्याला रंग सोडतो.) आश्रुबाच्या सोबत्यानं फोटो काढला. फोटोत मी हसतोय. नुसता हसत नाही, निवडून आल्यासारखा हसतोय.

“आप्पा, मनात काय ठिवू नका.”

“छे छे! चालायचंच!”

दर्शन राहिलं. गाडी क्रेनला लटकवून बीडला मेकॅनिककडं नेली आणि मग माझा राग पुन्हा जागा झाला. नुकसान झालं ते झालंच ना? टॉवेलात का ती गाडी गुंडाळून ठेवणार होतो? थोरल्या मुलाला फोन लावला. तो म्हणाला, “अप्पा, समोरच्याचा विमा नाही तर त्याच्यामागं धावण्यात अर्थ नाही. आपली पॉलिसी पूर्ण आहे. त्यातूनच क्लेम करा. फॉर्म भरा, लायसन जोडा, झालं.”

फॉर्म आणला. फॉर्म कसला, ती शाळेची परीक्षा होती. “अपघाताचे कारण” या रकान्यात मी “प्रारब्ध” लिहिलं. “साक्षीदार” या रकान्यात “लिंबागणेशचा गणपती” लिहिलं, मग खोडलं. सगळं आटोपलं आणि लायसनची झेरॉक्स काढायला गेलो. झेरॉक्सवाल्यानं काचेवर ठेवता ठेवता ते वाचलं.

“आप्पा, हे तर संपलं की हो. दीड वरीस झालं.”

“नीट बघ! छपाई पुसट असंल.”

“छपाई बेस हाय. लायसनच संपलंय.”

मी लायसन खिशात कोंबलं. घरी आलो. वैजू ओसरीवर चहा पीत बसला होता. खिशात त्याचं लायसन. ताजं, करकरीत, जड वाहनांचंसुद्धा!

इथं आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. दाजी म्हणजे बहिणीचा नवरा, घरचा जावई. त्याला नाही म्हणायची पद्धत नाही. दाजी म्हणाला मला विहिरीत उतरायचंय, तर मेव्हण्यानं “कशाला” असं विचारायचं नसतं, दोर आणायचा असतो. ही रीत मला पूर्ण ठाऊक होती. म्हणूनच मी त्याच्याशेजारी जाऊन बसलो.

“वैजू, एक काम होतं.”

“बोला की दाजी.”

“फॉर्मवर ड्रायव्हरचं नाव लिहायचंय.”

त्यानं कप बशीत ठेवला. मग म्हणाला, “दाजी, माझा बिल्ला हाय हो.”

“अरे, कागदापुरतं! कंपनीच्या कपाटात जाईल तो कागद. कोण वाचतंय?”

त्यानं सही केली. पेन परत देताना एवढंच म्हणाला, “कागदापुरतंच हां, दाजी.”

आणि मी, हा थोर माणूस, “कागदापुरतंच” म्हणालो.

फॉर्मसोबत अपघाताच्या जागेचा फोटो मागितला होता. माझ्याकडं एकच फोटो होता. तो मी जोडला.

आठ दिवसांनी कंपनीचा सर्वेअर बीडला गाडी बघायला आला. पोरसवदा, नाकावर चष्मा, बोलणं मऊ. अशा मऊ माणसांपासून देवानं वाचवावं! आम्ही दोघं हजर होतोच. रात्री वैजूची मी तालीम घेतली होती, पण ड्रायव्हिंग सोडून त्याला काहीही येत नाही. खोटं बोलणं तर मुळीच नाही.

सर्वेअरनं फोटो बाहेर काढला. “अप्पा, हा अपघात आहे की उद्घाटन?”

“सामोपचार आहे तो,” मी ताठ आवाजात म्हणालो.

“बरं. या फोटोत तुमच्या एका हातात नारळ आहे आणि दुसऱ्या हाताच्या बोटात गाडीची किल्ली. गाडी तर हे चालवत होते ना?”

मी फोटो पाहिला. किल्ली! करंगळीत अडकवलेली, नवरदेवाच्या अंगठीसारखी चमकत होती. “ते... वैजूनं ठेवायला दिली होती. त्याचा खिसा फाटका आहे.”

वैजूनं इमानेइतबारे आपल्या खिशात हात घातला आणि तो फाटलाय का हे तपासायला लागला.

“असू द्या,” सर्वेअर वैजूकडं वळून म्हणाला. “काका, अपघातानंतर सीटला कोणी हात लावलाय का?”

“न्हाई साहेब,” मेकॅनिक मधूनच म्हणाला. “दारच उघडंना झालंतं. तुमच्यासाठी आत्ता उघडलं.”

“छान. काका, जरा ड्रायव्हरच्या सीटवर बसून दाखवता?”

मला तेव्हा कळलं. सीट माझ्या मापाची होती. अगदी पुढं ओढलेली, आणि वर मंडळींनी शिवलेली गोधडीच्या तुकड्यांची जाड उशी, कारण उशीशिवाय मला रस्ता दिसत नाही, नुसतं आभाळ दिसतं.

वैजू बसायला गेला. आधी एक पाय घातला. मग डोकं घातलं. मग पाय बाहेर काढून पुन्हा डोकं घातलं. शेवटी कसाबसा आत मावला, तेव्हा त्याचे गुडघे स्टेअरिंगच्या दोन्ही बाजूंनी वर येऊन कानाला लागले होते आणि टाळू छताला. मान वाकडी करून तो काचेतून बाहेर बघत होता. मेकॅनिक तोंडावर फडकं धरून मागं पळाला.

“काका, तुम्ही अशी गाडी चालवता?”

वैजूनं माझ्याकडं पाहिलं. दाजीचा शब्द! “मला असंच लागतंय साहेब,” तो गुडघ्यांमधून म्हणाला.

“आणि ब्रेक कसा दाबता?”

वैजूनं ब्रेक दाबायचा प्रयत्न केला. हॉर्न वाजला.

क्लेम नामंजूर झाला. “चालकाबाबत दिलेली माहिती वस्तुस्थितीशी जुळत नाही” असं पत्र आलं. मी संतापलो! हो, संतापलो! खोटं बोललो होतो हे खरं, पण म्हणून माझ्यासारख्या वयोवृद्ध व्यापाऱ्याला खोटा म्हणायचं? दोन दिवस मी कंपनीच्या नावानं खडे फोडत होतो. घरात सांगितलं, “समोरच्याचा विमा नव्हता म्हणून क्लेम बुडाला.” पत्र गहू ठेवायच्या कोठीमागं सारलं.

गंमत बघा. कंपनीनं ते खोटं पंधरा दिवसांत फेटाळलं. नातेवाइकांनी मात्र कसलीही तपासणी न करता तत्काळ मंजूर केलं! मंडळींनी माहेरी फोन केला, “वैजूनं गाडी ठोकली.” तिथून ते लातूरला गेलं, तिथून परभणीला. प्रत्येक गावाला एकेक ट्रॉली वाढत गेली. परभणीला पोचेपर्यंत वैजू प्यालेला होता! आयुष्यात सुपारी न खाल्लेला माणूस!

पुढच्या लग्नसराईत चुलतभावाच्या मुलीची पाठवणी होती. वैजू नेहमीसारखा बिल्ला लावून, केस चोपून, गाडीपाशी जाऊन उभा राहिला. मुलीचा बाप दुसरीकडं बघत म्हणाला, “मामा, तुमी जेवून घ्या. गाडीला ड्रायव्हर सांगितलाय.” वैजू म्हणाला, “बरं झालं, तेवढंच माझं वझं कमी.” आणि मांडवाच्या मागं जाऊन बिल्ला काढून खिशात ठेवला. मी पाहिलं ते. त्या दिवशी पंगतीत वाढणाऱ्यावर मी कारण नसताना ओरडलो. भात गार आहे म्हणून. भात गरम होता.

तीन वर्षं असंच चाललं. तीन वर्षांत आठ मुली सासरी गेल्या, एकीचीही गाडी वैजूकडं आली नाही. तो मला एका शब्दानं बोलला नाही. बोलला असता तर मी त्याच्याशी भांडून मोकळा झालो असतो. या माणसानं तेवढीही सोय ठेवली नाही!

मग यंदा माझ्या नातीचं लग्न निघालं. थोरल्या मुलाची थोरली लेक. आदल्या दिवशी मुलगा म्हणाला, “अप्पा, नवरीच्या गाडीला बाहेरचा ड्रायव्हर बघितलाय. वैजूमामांना वाईट वाटेल, तुम्ही जरा समजावून सांगा.”

मी! मी समजावून सांगायचं!

रात्रभर तळमळलो. दुसऱ्या दिवशी अक्षता पडल्या, जेवणं झाली, पाठवणीची वेळ आली, आणि मी आहेर पुकारणाऱ्याच्या हातातला माइक हिसकावून घेतला. आवाज खणखणीत लागला.

“मंडळी, ऐका! तीन वर्षांपूर्वी लिंबागणेशच्या रस्त्यावर गाडी ठोकली ती वैजनाथनं नाही. मी ठोकली! माझं लायसन संपलं होतं म्हणून मी त्याचं नाव लावलं. तो निर्दोष आहे. त्याच्याइतका चांगला ड्रायव्हर आपल्या सोयऱ्यांत नाही!”

मी मान खाली घालून उभा राहिलो. आता चपला येतील, म्हटलं. आल्या तर येऊ द्या.

आणि टाळ्या वाजल्या! आधी एका कोपऱ्यातून, मग सगळ्या मांडवातून. व्याही पुढं येऊन माझ्या पाया पडले. “आप्पा, केवढं मोठं मन! मेव्हण्यासाठी एवढं कोण करतंय हो आजकाल!” मंडळी पदरानं डोळे पुसत होत्या. “असेच हायेत हे,” त्या विहीणबाईंना सांगत होत्या, “दुसऱ्याचा दोष आपल्या अंगावर घ्यायचा, पहिल्यापासून.”

“अहो, खरं सांगतोय मी!” मी माइकमध्ये किंचाळलो. टाळ्या वाढल्या.

“वैजू! तू सांग! सांग यांना!”

वैजू पुढं आला. माझ्या हातातून हळूच माइक घेतला. खाकरला. आणि म्हणाला, “दाजी मोठं मानूस हायेत. गाडी मीच चालवीत होतो.”

माझं डोकं फिरलं! भर मांडवात, लग्नाच्या दिवशी, तोंडावर खोटं! पण माझं कोण ऐकतंय? मुलानं डोळे पुसले, बाहेरच्या ड्रायव्हरकडून किल्ली घेतली आणि वैजूच्या हातात ठेवली. “मामा, अप्पांनी माफ केलं तर आम्ही कोण राग धरणारे? गाडी तुम्हीच न्या.”

म्हणजे गुन्हा माझा, शिक्षा त्याला, आणि माफी कोणी दिली? मी! असा न्याय कुठल्या कोर्टात होतो, सांगा!

गाडीत नवरी-नवरदेव मागं, मी पुढं वैजूच्या शेजारी. वैजूनं खिशातून बिल्ला काढला, सदऱ्यावर लावला, सीट पार मागं ढकलली आणि गाडी अशी उचलली की नातीच्या मुंडावळ्या हलल्या नाहीत. गाव मागं पडल्यावर मी दात-ओठ खात कुजबुजलो, “खोटं कावून बोललास बे?”

“हळू दाजी, नवरदेव ऐकंल.”

“ऐकू दे! कावून बोललास?”

समोरच्या रस्त्यावरची नजर न हलवता तो म्हणाला, “तुमची मान खाली गेली असती. माझी अक्का तुमच्याच घरात ऱ्हाती ना, दाजी? मला काय, किल्ली भेटली, लई झालं.”

मी काचेतून बाहेर बघत बसलो. बघण्यासारखं बाहेर बरंच होतं, पण मला काही दिसत नव्हतं.

म्हणून हे लिहिलं. तोंडी सांगून कोणी ऐकत नाही, निदान कागदावरचं तरी मानतील. काल लिहून पूर्ण झालं आणि पहिल्यांदा मंडळींना वाचायला दिलं. त्यांनी चष्मा लावून, ओठ हलवत, शेवटच्या ओळीपर्यंत सगळं वाचलं. कागदाची घडी घातली. माझ्याकडं अशा काही मायेनं पाहिलं की तसं लग्नातसुद्धा पाहिलं नव्हतं.

“किती जपताव हो माझ्या भावाला,” त्या म्हणाल्या. “पर आता बास करा. कवर पांघरून घालताव त्याच्यावर?”

तेव्हा वाचकहो, तुम्ही माझ्या नात्यातले नाही, हात जोडून विनंती आहे, निदान तुम्ही तरी मला गुन्हेगार समजा!